‘टूल रिलायबल आहे’ असं आपण नक्की कशाच्या जोरावर लिहितो?

आयसीयू_सिस्टर

एमएस्सी नर्सिंगचे प्रबंध ज्युनिअर मुली वाचायला पाठवतात आणि मेथडॉलॉजीच्या प्रकरणात एक परिच्छेद जवळपास प्रत्येकात तोच असतो. टूल (प्रश्नावली किंवा मोजायचा फॉर्म) स्वतः तयार केलं, तज्ज्ञांकडून व्हॅलिडिटीची, म्हणजे ते मोजायचं तेच मोजतंय याची, सर्टिफिकेटं घेतली, सॅम्पलच्या दहा टक्क्यांवर पायलट (आधीची छोटी चाचणी) केला, स्प्लिट हाफने, म्हणजे प्रश्नांचे दोन भाग करून ते एकमेकांशी किती जुळतात ते बघून, ‘आर’ काढला, तो ०.८ आला, म्हणून टूल रिलायबल, म्हणजे पुन्हा मोजलं तरी तेच येईल असं. झालं, पुढचं पान.

माझं स्पष्ट मत आहे की या परिच्छेदावरून त्या टूलबद्दल काहीही कळत नाही. सॅम्पल ६० असेल तर दहा टक्के म्हणजे ६ जणी. सहा जणींवर आर ०.८ आला तर त्याचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो, काढून बघा, तो शून्याच्या किंचित खालून सुरू होतो आणि ०.९८ पर्यंत जातो, म्हणजे टूल उत्तम असू शकतं आणि पार निकामीही असू शकतं, आपल्याला दोन्हीतलं काहीच सांगता येत नाही. त्यात स्प्लिट हाफला स्पिअरमन-ब्राउनचं सूत्र लावलं की ०.६७ चे ०.८ होतात. सूत्र लावणं बरोबरच आहे, अर्ध्या प्रश्नांवरून पूर्ण प्रश्नावलीचा अंदाज बांधायचा असतो, पण मूळ आकडा किती होता ते कुणी लिहीत नाही.

आणि वॉर्डात तर एवढंही होत नाही. बेडसोरच्या (पडून राहून होणाऱ्या जखमांच्या) धोक्यासाठी ब्रेडन, पडण्याच्या धोक्यासाठी मोर्स, हे गुण द्यायचे फॉर्म फाइलला लागले कारण अ‍ॅक्रेडिटेशनला लागतात. ब्रेडन स्केल अमेरिकेत १९८७ ला प्रसिद्ध झालं, तिथल्या नर्सेसनी तिथल्या पेशंटवर तपासलं, आपण ते फोटोकॉपी करून वापरतो आणि लिहितो ‘स्टँडर्डाइज्ड टूल’. रिलायबिलिटी कागदाला चिकटून येत नाही हो. कोण भरतंय, कोणत्या पेशंटवर, किती घाईत, यावर ती ठरते. म्हणून कुठलंही स्केल चार्टवर लावण्याआधी त्याच वॉर्डातल्या दोन सिस्टरनी एकमेकींचं न बघता तेच ४०-५० पेशंट मोजावेत आणि आकडे जुळतात का ते बघावं. हे सक्तीचं करा असं मी म्हणते.

नाईट_ड्युटी

मॅडम, राग मानू नका पण हे आयसीयूतून लिहिणं सोपं आहे. जनरल वॉर्डला रात्री चाळीसेक पेशंट, सिस्टर एक, फार तर एक स्टुडंट, त्यात दोन अ‍ॅडमिशन आली की औषधं द्यायला उशीर होतो. तिथे दुसरी सिस्टर आणायची कुठून?

आणि मला मुळात स्केलचं काम तुमच्यापेक्षा वेगळं वाटतं. ब्रेडन भरताना मला पेशंटची चादर ओली आहे का ते बघावं लागतं, तो स्वतः कूस बदलतो का बघावं लागतं, जेवलाय का विचारावं लागतं. सहा रकाने आहेत म्हणून सहा गोष्टी बघितल्या जातात, नाहीतर घाईत दोन राहतातच. बेरीज १४ आली का १६ याने माझ्या कामात फरक पडत नाही, पाठ बघायची ती बघतेच. आठवण करून देणाऱ्या कागदाला तुम्ही वजनकाट्याचे नियम लावताय.

आयसीयू_सिस्टर

तुमच्या लोडबद्दल एक शब्दही बोलणार नाही, ते खरंच आहे आणि अन्यायाचं आहे. पण एअर मॅट्रेस वॉर्डात चारच असतील तर ती कुणाला द्यायची हे त्या बेरजेवरूनच ठरतं ना? १८ किंवा खाली म्हणजे धोका, ही रेघ आहे. एका सिस्टरचा १७ आणि दुसरीचा २० येत असेल तर कुणाची शिफ्ट होती यावर पेशंटला मॅट्रेस मिळते. तिथे तो कागद आठवणीचा राहत नाही.

दुसरं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट काढून बघा. रेस्पिरेशन सगळ्यांचं २० किंवा १८. पूर्ण मिनिटभर मोजायला वेळ नसतो हे मान्य, पण आता त्याच चार्टवर आपण न्यूज-२ लावतोय, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा २०१७ चा, पेशंट बिघडतोय का ते सांगणारा सुधारित स्कोअर. त्यात १२ ते २० ला शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, २५ आणि वर गेलं की तीन. पेशंट २६ ने श्वास घेतोय आणि चार्टवर २० लिहिलंय तर तीन गुण तिथेच गेले. स्कोअर कितीही व्हॅलिड असो, आत टाकलेला आकडा मोजलेलाच नसेल तर काय उपयोग?

ट्यूटर_विदर्भ

मी पीजीच्या मुलांना गाइड करतो त्यामुळे पहिल्या परिच्छेदाला उत्तर देणं भाग आहे.

पायलट हा मुख्यतः अभ्यास करता येईल का, परवानग्या मिळतात का, प्रश्न कळतात का हे बघायला असतो. विद्यार्थ्याला हातात मिळतं जेमतेम एक वर्ष, त्यातही पोस्टिंग, असाइनमेंट, एथिक्स कमिटीची तारीख. तयार टूल घ्या म्हणणं सोपं आहे, पण गरोदर बाईला रक्तक्षयाबद्दल काय माहीत आहे हे विचारायला कुठलं परदेशी टूल आणू? आमच्याकडची भाकरी, लोहाच्या गोळ्या, आशाताई, हे सगळं प्रश्नात यायला हवं तर टूल घरीच करावं लागतं. तुमचं ते स्टँडर्ड ब्रेडनच बघा की, न्यूट्रिशनच्या रकान्यात ‘पुरेसा आहार’ म्हणजे दिवसाला प्रोटीनची ४ सर्व्हिंग, आणि पुढे उदाहरण मांस आणि दूध-दुभत्याचं. वरण-भात खाणाऱ्या आजोबांना सिस्टरने कुठे बसवायचं? ज्या टूलला रिलायबल म्हणून मान मिळतो ते आमच्याकडे व्हॅलिड नाही, आणि आमची मुलं जे करतात ते निदान इथल्या माणसांसाठी असतं.

सर्टिफिकेटालाही हसण्यासारखं काही नाही. प्रसूतिशास्त्राच्या अनुभवी मॅडम प्रश्न काढून टाकायला लावतात, शब्द बदलायला लावतात, हे मी दरवर्षी बघतो.

आयसीयू_सिस्टर

सर, न्यूट्रिशनच्या रकान्याबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि माझंही भांडण तेच आहे. मोजून बघितलं असतं तर दोन सिस्टर सगळ्यात जास्त त्याच रकान्यात वेगळ्या पडल्या असत्या आणि तो इथल्यासाठी नव्याने लिहिला गेला असता. कुणी मोजलंच नाही म्हणून तो तसाच आहे.

सर्टिफिकेटाला हसत नाही. पण तज्ज्ञांचं म्हणणं आकड्यात मांडायची रीत नर्सिंगमध्ये कधीचीच आहे, लिन यांनी १९८६ मध्ये लिहिलं की प्रत्येक प्रश्नाला तज्ज्ञांनी १ ते ४ गुण द्यायचे, ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण काढायचं, तज्ज्ञ पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत हवं, सहा ते दहा असतील तर किमान ०.७८. हे करायला पैसे लागत नाहीत, वेळही तेवढाच लागतो. मग ‘हे टूल मी तपासले असून ते योग्य आहे’ एवढी एक ओळ आणि सही यावर आपण का थांबतो? कुठला प्रश्न किती जणांनी नाकारला ते वाचणाऱ्याला कळायला नको?

आकडेमोड

मी नर्सिंगचा नाही, बायोस्टॅटचा (वैद्यकीय संख्याशास्त्राचा) आहे, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दोन सिस्टरचे आकडे जुळले की झालं असं समजू नका. समजा १०० पेशंट आहेत, ९० ला दोघी ‘धोका आहे’ म्हणाल्या, उरलेल्या १० पैकी ५ ला फक्त पहिली, ५ ला फक्त दुसरी. एकमत ९० टक्के, ऐकायला छान. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वगळून उरलेल्या एकमताचा आकडा, काढला तर उणे ०.०५ येतो. कारण दोघीही ९५ टक्के पेशंटना धोका म्हणतायत, तर डोळे मिटून टिक केलं तरी एवढं जुळलंच असतं. यावर लोक म्हणतात कप्पाच वाईट. कप्पाला त्याच्या अडचणी आहेत, अशा एकतर्फी आकड्यात तो फार कमी येतो, पण तो इथे जे सांगतोय ते ऐकण्यासारखं आहे की या वॉर्डात हे स्केल माणसं वेगळी करतच नाहीये.

मोर्समध्ये हेच होतं. सलाइन किंवा इंट्राकॅथ असेल तर २० गुण, दुसरा आजार असेल तर १५. मेडिसिन वॉर्डला हाताला इंट्राकॅथ नसलेला आणि बीपी-शुगर यातलं काहीच नसलेला पेशंट दाखवा. म्हणजे आल्या आल्या ३५, काठी घेऊन चालत असेल तर अजून १५, झाले ५०, ‘हाय रिस्क’ची रेघ बऱ्याच ठिकाणी ४५ ला. सगळेच हाय रिस्क असतील तर त्या पट्टीचा सिस्टरला उपयोग काय?

आणि ब्रेडनचा, मोर्सचा क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) काढून प्रबंधात लिहू नका, कृपा करा. अल्फा तिथे लागतो जिथे सगळे प्रश्न एकाच आतल्या गोष्टीची लक्षणं असतात. ओलावा आणि हालचाल ही बेडसोरची वेगवेगळी कारणं आहेत, ती एकमेकांशी जुळलीच पाहिजेत असं कुठे आहे? तिथे दोन मोजणाऱ्यांचं जुळतं का हाच खरा प्रश्न.

सातारकर_यूके

इथे एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) काम करते, थोडं वेगळं मत मांडते. तुम्ही सगळे स्केल सुधारायच्या मागे आहात, मी म्हणते गुणांची बेरीजच सोडा.

नाइस या इथल्या संस्थेने २०१३ च्या गाइडलाइनमध्ये सरळ सांगितलं की दाखल पेशंट पडेल का याचं भाकीत करणारी टूल वापरू नका, ६५ आणि पुढचे सगळे धोक्यात आहेत असं धरा आणि प्रत्येकाचं कारण शोधा, नजर कमी आहे का, रात्री लघवीला उठतो का, कुठलं औषध चालू आहे. बेडसोरचंही तसंच, ब्रिस्बेनला १,२३१ पेशंटवर ट्रायल झाली, २०११ ला छापून आली, वॉटरलो स्केल, रॅमस्टेडियसचं टूल आणि नुसता नर्सचा अंदाज असे तीन गट. बेडसोरच्या प्रमाणात फरक पडला नाही. मग अनुभवी सिस्टरची नजर आहे त्यावर विश्वास का नाही ठेवायचा? रिलायबिलिटी सिद्ध करण्यात जो वेळ जाईल तो पेशंटला वळवण्यात घाला.

नाईट_ड्युटी

ताई, मी स्केलच्या बेरजेच्या बाजूने नव्हते पण आता तुमच्या विरुद्ध लिहावं लागतंय. ‘अनुभवी सिस्टरची नजर’ म्हणताय, आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर येणारी मुलगी नुकती पास झालेली असते आणि ती अनुभवी व्हायच्या आत दुसरीकडे जाते. तिच्याकडे नजर नाही, तिला कागद हवा. तुमच्या गाइडलाइनमागे तिथला स्टाफ आहे, तिथला फिजिओ आहे. आमच्याकडे पेशंटला संडासला नातेवाईक नेतो, नातेवाईक चहा प्यायला गेला की पेशंट पडतो. सोबत कुणी आहे का, हा रकाना मोर्समध्ये नाहीच, आणि आमच्या वॉर्डात मी सगळ्यात आधी तेच बघते.

आयसीयू_सिस्टर

नाईट_ड्युटी, हा रकाना असायला हवा, तुम्ही लिहून ठेवा हे. व्हॅलिडिटीचा अभ्यास इथूनच सुरू होतो.

सातारकर, ट्रायल महत्त्वाची आहे, नाकारत नाही. पण भाकीत चुकतं म्हणून स्केल फेका या म्हणण्यात एक अडचण आहे. स्केलने धोका सांगितला, सिस्टरने दर दोन तासांनी कूस बदलली, बेडसोर झाला नाही, की हिशोबात ते स्केलचं ‘चुकीचं भाकीत’ म्हणून बसतं. जिथे काळजी चांगली तिथे स्केल वाईट दिसणार. काही न करता नुसतं बघत बसून खरी परीक्षा घेता येईल, पण ती कुणी माणूस घेणार नाही. म्हणून मी भाकिताच्या आधी दोन सिस्टरच्या जुळणीवर अडून बसलेय, ती तरी आपल्या हातात आहे.

कोकणातली_नर्स

दुखण्याच्या स्केलबद्दल कुणीच बोललं नाही. ० ते १० मध्ये सांगा म्हटलं की म्हातारी माणसं गोंधळतात, कुणी ‘दहा’ म्हणतं आणि शांत पडून असतं, कुणी आकडाच सांगत नाही. पण तीच आजी इंजेक्शननंतर आपणहून सांगते, ‘रुपयात बारा आणे फरक पडला गो’. सोळा आण्यांची पट्टी तिच्या डोक्यात आयुष्यभर आहे. मला वाटतं आपण तीच वापरावी, तज्ज्ञ नकोत आणि अल्फा नको, पेशंटला कळतं एवढं पुरे.

आकडेमोड

पेशंटला कळणं ही फार मोठी गोष्ट आहे, पण पुरे नाही. ‘बारा आणे फरक’ म्हणजे किती सुधारलं, आत्ता किती दुखतंय ते नाही. ज्याला पहिल्यापासून कमी दुखत होतं त्याचे बारा आणे आणि फ्रॅक्चरवाल्याचे बारा आणे सारखे नाहीत. ही पट्टी आणि ० ते १०, दोन्ही त्याच पेशंटला विचारा, जे आकडा नीट सांगू शकतात त्यांच्यात तरी जुळतात का बघा, आणि वेदनाशामक दिल्यावर दोन्ही खाली येतात का बघा. मग वापरा, मी पहिला पाठिंबा देईन. आणि आणे न वापरलेल्या पंचविशीतल्या पोराला ती चालणार नाही हेही मान्य करा.

ट्यूटर_विदर्भ

जुळणी, जुळणी चाललंय पण दोघी मिळून चुकू शकतात हे कुणी म्हणत नाही. बेडसोरची पहिली पायरी म्हणजे बोट दाबल्यावर न जाणारी लाली. आमच्याकडच्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही, दोन्ही सिस्टर ‘काही नाही’ लिहितील, कप्पा झकास येईल, आणि दोन दिवसांनी कातडी फाटेल. हात लावून गरम लागतंय का, कडक लागतंय का बघायला हवं, ते पुस्तकात आहे पण फॉर्मवर नाही. मशीनही यातून सुटलेलं नाही, अमेरिकेत २०२० ला दिसलं की पल्स ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ताच्या तपासणीत खरं ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के आणि काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के होतं. म्हणून माझा आग्रह आधी व्हॅलिडिटीचा आहे. चुकीची गोष्ट दोघींनी सारखी मोजून काय मिळवायचं?

आयसीयू_सिस्टर

क्रम उलटा असावा हे अजूनही पटत नाही सर. दोघींचं जुळतच नसेल तर ते बरोबर मोजतंय का हे तपासायला हातात काहीच राहत नाही. पण लालीचा मुद्दा मी घेतला, जुळणी बघताना तिसरी व्यक्ती हवी, जखमांचं काम करणारी, जी हात लावून तपासेल.

नाईट_ड्युटी

एक सुचतंय. सकाळी हँडओव्हरला रात्रीची आणि दिवसाची अशा दोघी एकाच बेडपाशी असतातच. येणारीने हँडओव्हर ऐकायच्या आधी रोज पाच पेशंटचा ब्रेडन भरायचा, जाणारीचा रात्रीचा भरलेला असतोच. दहा दिवसांत पन्नास होतील, जास्तीची सिस्टर नको. एवढं मी मेट्रनना विचारू शकते.

आकडेमोड

चालेल, फक्त तीन अटी. रात्रीचा स्कोअर पहाटे पाचच्या पुढचा हवा, संध्याकाळचा नको, पेशंट बदललेला असतो. पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलला ही युक्ती लावू नका, ती तासात बदलते, तिथे दोघींनी एकाच वेळी उभं राहूनच बघायला हवं. आणि बेरीज जुळली म्हणून थांबू नका, सहाही रकाने वेगवेगळे जुळवा, कारण एकीने हालचालीला ३ आणि न्यूट्रिशनला २ दिले, दुसरीने २ आणि ३, तरी बेरीज तीच येते आणि दोघींनी वेगळाच पेशंट बघितलेला असतो.