पीएलसीचा पासवर्ड हरवला असताना प्रोग्राम कसा वाचवावा?

प्रश्न (भोसरी एमआयडीसी)
नमस्कार. आमच्या भोसरीच्या कारखान्यात ड्रिलिंगचे एक एसपीएम (ठरावीक कामासाठी खास बनवलेले मशीन) असून त्यावर सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रामेबल कंट्रोलर, आहे. ज्या मशीन-बिल्डरने ते बनवून दिले, त्याचा व्यवसाय बंद झाला आहे आणि मशीन ताब्यात घेताना आम्ही ना बॅकअप मागितला, ना पासवर्ड. आता क्लॅम्पसाठी एक प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आल्याचे ओळखणारा) वाढवायचा आहे, परंतु टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमधून अपलोड करायला, म्हणजे पीएलसीतला प्रोग्राम लॅपटॉपवर घ्यायला, गेले की पासवर्ड विचारला जातो. एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) मात्र व्यवस्थित चालते. एका परिचिताने पासवर्ड शोधून देणारे सॉफ्टवेअर पाठवले आहे. ते वापरावे का?

उत्तर (चाकण)
कृपया वापरू नका. २०२२ मध्ये ड्रॅगोस या सुरक्षा संस्थेने असेच एक सॉफ्टवेअर तपासले होते. ते ऑटोमेशनडायरेक्ट कंपनीच्या एका पीएलसीचा पासवर्ड खरोखरच काढून देत होते, पण त्याच वेळी लॅपटॉपमध्ये सॅलिटी नावाचे मालवेअर सोडत होते. पासवर्ड मिळाल्याने वापरणाऱ्याला संशयही येत नाही, आणि तोच लॅपटॉप आपण उद्या दुसऱ्या मशीनला जोडतो.

उत्तर (पिंपरी)
एस७-१२०० मध्ये संरक्षणाचे स्तर असतात. केवळ वाचण्याची मुभा असती, तर पासवर्डाशिवायही अपलोड झाले असते. एचएमआय चालते पण अपलोड होत नाही, याचा अर्थ बहुधा 'एचएमआय अॅक्सेस' हा स्तर लावलेला आहे. पासवर्ड विसरल्यास सीमेन्सचे रिकामे ट्रान्स्फर कार्ड (मेमरी कार्ड) घालून सीपीयू, म्हणजे पीएलसीचा मुख्य भाग, मोकळा करता येतो, ही पद्धत मॅन्युअलमध्येच दिलेली आहे. परंतु त्यात पासवर्डासोबत आतला प्रोग्रामही पुसला जातो, हे कार्ड हातात घेण्यापूर्वीच पक्के ध्यानात ठेवावे. असे करून सुटलेला सीपीयू आणि नंतर महिनाभर उभे राहिलेले मशीन मी स्वतः पाहिले आहे.

म्हणून आधी मूळ प्रोजेक्टचा शोध घ्या. बिल्डर बंद झाला तरी कमिशनिंगला (मशीन बसवून चालू करून द्यायला) आलेला प्रोग्रामर बहुधा याच पट्ट्यात कुठेतरी काम करत असतो, आणि त्याच्या जुन्या लॅपटॉपवर फाइल सापडण्याची शक्यता असते. पॅनेलच्या दाराआतील ड्रॉइंगवर कोणाची सही आहे, तेही पाहा.

प्रश्नकर्ता
ड्रॉइंगवरील नावावरून त्या प्रोग्रामरचा पत्ता लागला. त्यांच्याकडे प्रोजेक्ट आहे. आता तो सरळ पीएलसीमध्ये डाउनलोड करावा का?

उत्तर (पिंपरी)
फार चांगले झाले, पण घाई नको. ती फाइल शेवटची आहे का, हे त्यांनाच विचारा, कारण कमिशनिंगच्या दिवशी कारखान्यात केलेले बदल अनेकदा लॅपटॉपवर जतन होत नाहीत. टायमर, काउंटर, ड्रिलची खोली अशी एचएमआयवरील प्रत्येक संख्या फोटो काढून लिहून घ्या; कार्डाने सीपीयू पुसल्यावर चालू मूल्ये जातात आणि डाउनलोडनंतर प्रोजेक्टमधील सुरुवातीची मूल्ये येतात. मग गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, सीपीयू मोकळा करा आणि प्रोजेक्टमध्ये नवा पासवर्ड ठरवून डाउनलोड करा. पहिली आवर्तने ड्रिल न लावता चालवा. दोन्ही हातांनी दाबायची बटणे, गार्डचा स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप एकेक करून तपासल्याशिवाय ऑपरेटरला मशीनजवळ उभे करू नका.

प्रश्नकर्ता
समजले. नवा पासवर्ड आणि प्रोजेक्टची प्रत मालकांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवतो, आणि गुरुवारी काम झाल्यावर येथे कळवतो.