जुन्या जिप्सीच्या हेडरवर हीट रॅप गुंडाळावे का?

विजापूर रोडकर:
नमस्कार. माझ्याकडे कार्ब्युरेटरची (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जुनी जिप्सी असून आधीच्या मालकाने तिचा मूळचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातील जळका वायू बाहेर नेणारा भाग) काढून तेथे एम.एस. (साध्या पोलादाच्या) नळ्यांचा हेडर बसवलेला आहे. सोलापूरचा पारा 42-43 अंशांवर गेला की एक त्रास हमखास सुरू होतो. पुणे महामार्गावर गाडी विनातक्रार धावते, परंतु सात रस्त्याच्या गर्दीत रेंगाळली, किंवा थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू केली, की इंजिन धडपडते आणि बंद पडते. पाण्याचा काटा मात्र मधोमधच असतो. हेडरवर फायबरग्लासची पट्टी, म्हणजे हीट रॅप, गुंडाळल्यास हा त्रास थांबेल, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले. मात्र पट्टीखाली हेडर सडतो असेही ऐकतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाना-पकड:
आपण सांगितलेली लक्षणे पेट्रोल उकळण्याची आहेत. पेट्रोलमधील हलके घटक 35-40 अंशांपासूनच वाफ होऊ लागतात. गाडी धावत असताना वाऱ्यामुळे आणि टाकीतून सतत येणाऱ्या ताज्या पेट्रोलमुळे ते निभावते. इंजिन बंद केल्यावर मात्र पाणी फिरायचे थांबते, वारा नसतो, आणि तापलेल्या हेडरची सारी उष्णता वर कार्ब्युरेटरच्या वाटीत आणि पेट्रोलच्या नळीत शिरते. काटा मधोमध राहतो, कारण तो पाण्याचे तापमान दाखवतो, बॉनेटखालच्या हवेचे नव्हे. म्हणजे आपला रेडिएटर ठीक आहे. त्यावर खर्च करू नये.

रॅपचा उपयोग होतो, हे खरे आहे. तापलेल्या धातूतून किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी उष्णता त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग थोडा जरी थंड राखला तरी आसपासच्या भागांना मोठा दिलासा मिळतो. आतला वायू गरम राहिल्याने तो वेगाने निघून जातो व ताकद वाढते, असेही सांगितले जाते. पण आपल्या गाडीत तो फरक जाणवण्याजोगा असेल असे मला वाटत नाही.

बॉयलर विभाग:
मी अक्कलकोट रोड एम.आय.डी.सी.तील टॉवेलच्या कारखान्यात वाफेच्या नळ्यांची देखभाल पाहतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या नळ्यांतील वाफ साधारण 170 अंशांची असते आणि त्यांवरील लॅगिंगवर (उष्णता रोखणाऱ्या लोकरीच्या आवरणावर) ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेला असतो. तो पत्रा शोभेसाठी नसतो. त्याच्या सांध्यातून पाणी आत गेले, की लोकरीखाली नळी गुपचूप गंजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हेडरच्या रॅपवर असा पत्रा नसतो. जूनचा पहिला पाऊस, गाडी धुताना मारलेला पाण्याचा फवारा, रस्त्यावरचा चिखल, हे सर्व ती पट्टी शोषून घेते आणि पुढच्या वेळी इंजिन तापेपर्यंत धातूला चिकटवून ठेवते.

त्याहून गंभीर मुद्दा तापमानाचा आहे. रॅप उष्णता नाहीशी करत नाही, तर आत कोंडते. म्हणजे बॉनेटखालचे जे थंड होते, त्याची किंमत नळीचा धातू मोजतो. साध्या एम.एस.वर 550 अंशांच्या पुढे खपल्या झपाट्याने धरू लागतात, आणि पेट्रोल इंजिनाच्या एक्झॉस्टमधील वायू जोरात चालवताना 700-800 अंशांपर्यंत सहज जातो. उघडी नळी हवेत उष्णता सोडून स्वतःला वाचवते, गुंडाळलेली नळी ते करू शकत नाही. पातळ नळ्या प्रथम वेल्डिंगच्या कडेला तडकतात. हेडर चांगल्या स्टेनलेसचा असता तर माझे मत इतके कडक नसते.

माझ्या मते आधी हीट शील्ड करून पाहावी. हेडर आणि कार्ब्युरेटर यांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन्ही बाजूंना हवा खेळेल एवढे अंतर ठेवून बसवावा, पेट्रोलची नळी हेडरपासून शक्य तितकी दूर न्यावी आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेला उष्णतारोधक स्पेसर शाबूत आहे का, ते पाहावे. उष्णता जिथे लागते तिथेच अडवली, तर सगळा हेडर गुंडाळण्याची गरज बहुधा पडत नाही.

पाना-पकड:
बॉयलर विभाग यांच्याशी सहमत आहे. तरीही रॅपच करायचा झाला, तर इंजिनाच्या झाकणाच्या गॅस्केटमधून तेल गळत नाही याची आधी खात्री करून घ्यावी, कारण तेल प्यालेली पट्टी तापल्यावर पेट घेऊ शकते. माझ्या दृष्टीने गंजापेक्षा हा धोका मोठा आहे. हातमोजे, चष्मा व मास्क वापरावा, फायबरग्लासचे तंतू त्वचेत रुततात. ही पट्टी ओली करून ताणून गुंडाळतात. खालच्या टोकाकडून सुरुवात करून प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवल्यास छपरावरच्या कौलांप्रमाणे पाणी बाहेरून ओघळते. टोके स्टेनलेसच्या पट्ट्यांनीच आवळावीत. पहिल्यांदा तापवताना धूर येतो, तेव्हा गाडी उघड्यावर ठेवावी.

विजापूर रोडकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज बॉनेट उघडून पाहिले, तर पेट्रोलची नळी हेडरच्या दुसऱ्या नळीला जवळजवळ टेकलेली आहे. आधी ती हलवतो आणि पत्रा कापून घेतो. पत्रा व हेडर यांत किती अंतर ठेवावे?

बॉयलर विभाग:
बोटभर पुरे. पत्रा हेडरला कोठेही टेकू देऊ नका, आणि त्याचे बोल्ट हेडरवर न घेता इंजिनाच्या थंड भागावर घ्या. ॲक्सिलरेटरची केबल पत्र्याच्या कडेवर घासत नाही ना, तेही पाहा.