मदत हवी आहे: ‘तारतम्य’ नेमके कुठे वापरावे?

‘तारतम्य’ म्हणजे सावधगिरी, असे धरून चालेल का? ही तीन वाक्ये तपासून हवी आहेत.
१) रस्ता ओलांडताना तारतम्य बाळगा.
२) दोन विभागांच्या कामात तारतम्य राहिलेले नाही.
३) ऐकीव माहिती तारतम्याने घ्यावी.

प्रतिसाद १
तिसरे बिनचूक. पहिल्यात ‘काळजी घ्या’ हवे. तिथे जीव जपायचा आहे, तोलायचे काही नाही. दुसरे हिंदीच्या वळणाचे आहे. हिंदीत हा शब्द सलगता, ताळमेळ या अर्थी सर्रास येतो. मराठीत तिथे ‘सुसूत्रता’ किंवा ‘ताळमेळ’च लिहा, नाहीतर वाचक गोंधळतो.

अर्थ व्युत्पत्तीतच आहे. लघुतर, लघुतम यांतले ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय एकत्र येऊन ‘तरतम’ झाले. त्याला ‘य’ लागताना पहिला स्वर वाढला, जसे मधुरचे माधुर्य. म्हणजे मुळात कमी-अधिकपणा. त्यावरून कमी-अधिक ओळखण्याची समज. माध्व वेदान्तात, म्हणजे मध्वाचार्यांच्या द्वैत मतात, जीवांमधल्या श्रेणीभेदाला ‘तारतम्य’ म्हणतात, तो हाच जुना अर्थ. आज नुसती प्रतवारी सांगायची तर ‘तरतमभाव’ जास्त स्पष्ट.

धागाकर्ता
मग विवेक आणि सारासार विचार यांहून वेगळे काय?

प्रतिसाद २
विवेक योग्य-अयोग्य वेगळे करतो. सारासार विचार कामाचे ठेवून फोल टाकतो. तारतम्याचा प्रश्न ‘किती’ आणि ‘आधी काय’ हा असतो, म्हणून दोन्ही गोष्टी चांगल्या असल्या तरी ते लागते. स्पष्ट बोलणे चांगले, पण शोकसभेत मृताच्या उणिवा मोजणाऱ्याला तारतम्य नाही असेच म्हणावे लागेल. मात्र तारतम्य म्हणजे दर वेळी हात आखडणे नव्हे. किरकोळ चुकीला मोठी शिक्षा देणे आणि गंभीर गुन्हा नुसत्या समजेवर सोडणे, दोन्हींत ते सुटलेलेच असते.

शंका आली तर त्या जागी ‘कमी-जास्त ओळखून’ घालून पाहा. वाक्य उभे राहिले तर शब्द बरोबर.

प्रतिसाद ३
क्रियापदांकडेही लक्ष द्या: तारतम्य बाळगणे, ठेवणे, राखणे, सुटणे. ‘तारतम्य करणे’ कानाला खटकते. शब्द नपुंसकलिंगी, अनेकवचन वापरात नाही. ‘ताळतम्य’ ही चूक ‘ताळतंत्र’शी गल्लत झाल्याने होते. ताळतंत्र सोडणे म्हणजे धरबंद न राहणे, ते वेगळे.

आणि नुसते ‘तारतम्य बाळगावे’ लिहून थांबू नका. कशाचे ते सांगा: वेळकाळाचे, खर्चाचे, शब्दांचे. सूचनाफलकावर तर हे हवेच, कारण तिथे खुलासा विचारायला कोणी नसते.