'अटोनल'ला मराठीत काय म्हणावं? ('बेसूर' नको)

जास्वंद:
एका दिवाळी अंकासाठी हेवी मेटलवरचा इंग्रजी लेख मराठीत करतेय. 'अटोनल' आलं तिथे बिनदिक्कत 'बेसूर' लिहून मोकळी झाले. तालाच्या गुंतागुंतीला 'तालात अवघड' आणि 'हेवी'ला 'जड'. भाचा गिटार वाजवतो, म्हणून त्याला वाचून दाखवलं. तर म्हणे, "मावशी, तू यांची ओळख करून देतेयस की तक्रार नोंदवतेयस?" खरंच आहे त्याचं. एक सूर लावायचा होता आणि भलताच लागला, तर ते बेसूर. इथे अमुकच सूर लावायचा असं मुळात ठरलेलं नाही. मेशुगा, गोरगट्स अशा बँडबद्दल आहे लेख. शब्द सुचवा.

शुद्धमती:
'अस्वर'. सुटसुटीत आहे, समासही घडवता येतात.

ठेकेदार:
अस्वर म्हणजे स्वरच नाहीत असा अर्थ होतो. ज्याच्या नावाला हा 'अटोनल' कायमचा चिकटला, त्या संगीतकार शोनबर्गला तो शब्द नेमका याच कारणासाठी खटकायचा. त्यापेक्षा 'पॅनटोनल', म्हणजे सर्व स्वरांचं, बरं म्हणायचा. जुनी चूक मराठीत नव्याने कशाला? 'षड्जमुक्त' म्हणा. सा ठरलेला नाही, इतकंच.

शुद्धमती:
टँकरमुक्त, हागणदारीमुक्त, आणि आता षड्जमुक्त! षड्ज काय रोग आहे?

मिटलेला_कान:
गोरगट्सच्या 1998च्या 'ऑब्स्क्युरा'ला षड्जमुक्त चालेल एक वेळ. मेशुगाला नाही. आठ तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार इतकी घुमत असते की मला ती तंबोऱ्याच्या खर्जासारखी वाटते. वरची लीड गिटार कुठेही भरकटो, खाली पाय रोवलेलेच.

ठेकेदार:
'तालात अवघड' हेही पसरट आहे. मेशुगाचं 1998चंच 'न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट' हे गाणं घ्या. झांज मुकाट्याने चार-चार मात्रा दाखवत असते. गिटार आणि खालचे ड्रम पाव मात्रेच्या 23 तुकड्यांचा एक बोल धरतात. पाच वेळा, म्हणजे 115. सहाव्या वेळी तोच बोल 13वर तोडतात. झाले 128. आपल्या हिशेबात 16 मात्रांच्या तीनतालाची दोन आवर्तनं, चौगुनीत. काल रात्री गुडघ्यावर मोजत बसलो, तिसऱ्या फेरीत घसरलो, बायको म्हणाली आता झोपा. एवढा फेरा घालून ही माणसं बरोब्बर समेवर येतात. सरळ 'लयकारी' लिहा, शब्द घरातलाच आहे.

शुद्धमती:
घरातला आहे म्हणून कुणालाही घालायचा? आड, कुआड, बिआड या लयकारीच्या प्रकारांत मात्रेत बसणाऱ्या अक्षरांची गती बदलते. तुमच्या उदाहरणात गती तीच आहे, फक्त गठ्ठे वेगळे बांधलेत. शिवाय सगळं आधी बसवलेलं. लयकारी ऐनवेळी सुचते.

ठेकेदार:
तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, म्हणजे तिहाई, आधी बसवली तर तिहाई नसते का? आमचे गुरुजी तर हिशेब वहीत लिहून आणायचे.

मिटलेला_कान:
इंग्रजीवाल्यांनी तरी कुठे कोश उघडला? तळहाताने दाबून छेडलेली तार 'जेंट' अशी ऐकू आली आणि अख्ख्या प्रकाराला तेच नाव पडलं. आपल्या 'धिन'सारखंच. 'अटोनल' तसंच देवनागरीत ठेवा. असलं संगीत शोधणारा पोरगा हाच शब्द टाइप करणार. 'षड्जमुक्त' टाकलं तर त्याच्यापुढे ध्यानधारणेच्या चिजा येतील.

रंकाळा:
हेवीला 'भारी' म्हणा की! वजन पण आलं, कौतुक पण.

जास्वंद:
@रंकाळा, 'भारी संगीत' लिहिलं की भाचा खूश होईल आणि संपादक विचारतील, नेमकं कुठलं. 😄

रंकाळा:
बरं, ते 'मेशुगा' आपल्या 'मेष'वरनं तर नसेल? मेषपात्र माणूस असतो तसा.

अलिबागकर:
नाही हो. मंडळी स्वीडनच्या उमिओची, पण शब्द युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेतला, तिथे हिब्रूतून आलेला. अर्थ 'वेडा'. आमच्या आळीत एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजी होत्या. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, तुमच्यात वेड्याला काय म्हणतात? म्हणाल्या, "येडाच म्हणतात, दुसरं काय म्हणणार?" घरची बोली मराठीच त्यांची. गावात त्या लोकांना शनवारतेली म्हणत, शनिवारी घाणा बंद म्हणून.

शुद्धमती:
शनिवारतेली. 'शनवार' बोलीत ठीक, लिहिताना नको.

अलिबागकर:
आजी 'शनवार'च म्हणायच्या. मी त्यांचंच लिहिणार.

जास्वंद:
'अटोनल' तूर्त तसंच ठेवलंय. लेख परवा द्यायचा आहे, 'जड'चं काय करू तेवढं सांगा कुणीतरी.

ठेकेदार:
@शुद्धमती, पुन्हा मोजलं. 13वर तोडलेला तुकडा म्हणजे मूळ बोलाचीच सुरुवात आहे. आता तरी तिहाईचा चुलतभाऊ म्हणाल?

रंकाळा:
घाणा लाकडी असायचा का दगडी?