विमान हातात देता, मग पुस्तक का नाही?

उडाणटप्पू (धागाकर्ता)

मी हौशी वैमानिक आहे. पोटापाण्याची नोकरी लोअर परळला, आणि महिन्यातून एक-दोन शनिवार-रविवार छोट्या विमानाचे. मुंबईत राहून हा छंद करायचा म्हणजे आधी मुंबई सोडायची. ज्या जुहूच्या विमानतळावर १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन एकटे उतरले, तिथे आता मुख्यतः हेलिकॉप्टरं. शेजारी सांताक्रूझची एवढी गर्दी, की त्यात आमच्या दोन आसनी सेसना १५२ ला कोण विचारतो! म्हणून शुक्रवारी रात्री बस पकडायची, कसारा घाटात झोप लागते न लागते तोच मालेगाव येतं, आणि पहाटे धुळं, तिथे आमचा फ्लाइंग क्लब.

गेल्या महिन्यात असाच पोचलो. विमानाभोवती फेरी मारली, टाकीत पट्टी घालून इंधन मोजलं, तळातून थोडं काढून पाणी नाही ना ते पाहिलं. आत बसलो, मांडीवर टॅब्लेट ठेवला आणि नकाशांचं अ‍ॅप उघडलं. अ‍ॅप म्हणालं, तुमची उपकरणांची मर्यादा संपली. जुना टॅब्लेट पावसाळ्यात भिजून मेलेला, हा नवा घेतलेला. पण कंपनीच्या लेखी मेलेला टॅब्लेट अजून हयात होता. वर्षाची वर्गणी भरलेली. मदतकेंद्राला मेल टाकली, तर त्यांच्या देशात तेव्हा मध्यरात्र.

उड्डाण झालंच. आकाश निरभ्र होतं आणि डोळ्यांनी बघत उडायला जीपीएस लागत नाही. कागदी नकाशा, होकायंत्र, घड्याळ. पांझरा तापीला मिळते तिथपर्यंत नदी धरून गेलो, येताना लळिंगचा किल्ला नाकासमोर ठेवला. झक्कास झालं. पण मनात खुटखुट राहिली ती वेगळीच.

या देशाने मला विमान चालवायला दिलं आहे. किमान ४० तास उड्डाण, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी, रेडिओचा वेगळा परवाना, हे सगळं करून घेतलं आणि मग म्हणाले, जा. लोकांच्या डोक्यांवरून अर्ध्या-पाऊण टनाचं यंत्र घेऊन उडायला माझ्यावर विश्वास आहे. आणि मी पैसे मोजून घेतलेला नकाशा माझ्याच दुसऱ्या टॅब्लेटवर उघडायचा तर मी संशयित चोर!

सेसनाचं इंजिन बघा. दोन मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारी यंत्रं, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एक मॅग्नेटो गेला तर दुसरा आहे, बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं, कारण ठिणगीसाठी ते कुणाच्या दारात जात नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, बिघडलं तर वरच्या माणसाचं काय? डीआरएम, म्हणजे विकलेल्या फाइलवरचं डिजिटल कुलूप, बनवणाऱ्याने हा प्रश्न कधी विचारलेलाच नसतो. त्याच्या कुलपाला दुसरा मॅग्नेटो नाही. सर्व्हर बंद, तर सगळं बंद. मराठी ई-पुस्तकांचं एक दुकान असंच गुंडाळलं गेलं आणि माझी बावीस पुस्तकं त्याच्याबरोबर गेली. विकत घेतलेली, बरं का.

माझं म्हणणं एवढंच, की विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याची किल्ली राहता कामा नये. झोडा आता.

चाळकरी

तासाला पाच आकडी रक्कम जाळणाऱ्या माणसाला नकाशा उघडला नाही म्हणून दुःख. आमच्याकडे पाणी सकाळी चाळीस मिनिटं येतं. चालू द्या.

खिळेजुळारी

चाळकरींचा टोमणा सोडा, पण मी दुसऱ्या टोकाला उभा आहे. माझं छोटं प्रकाशन आहे, गिरगावात. दोन खोल्या, एक मदतनीस. मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हणजे हजार प्रती, त्याही खपायला दोन-तीन वर्षं. अशात पुस्तक आलं की पंधरा दिवसांत कुठल्या तरी ग्रुपवर पीडीएफ फिरते आणि खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. "सर, पुढच्या भागाची पण टाका ना." एका वाचकाने तर मलाच पाठवली, माझंच पुस्तक, "छान आहे, जरूर वाचा" म्हणून!

विमानाच्या उपमा ऐकायला गोड आहेत. पण तुमचं विमान कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलता येत नाही. तसं ढकलता आलं असतं, तर क्लबाने काय केलं असतं ते सांगा. साखळदंड बांधला असता. लेखिकेला मी वर्षाअखेर मानधनाचा जो आकडा सांगतो, तो सांगताना माझी मान खाली असते. कुलूप वाईट असेल, पण उघडं दार ठेवून मी कुणाच्या जीवावर बसू?

उडाणटप्पू

खिळेजुळारी, तुमचं दुखणं खरं आहे, चोरीचं समर्थन मी करत नाही. पण एक सांगा, ती जी पीडीएफ फिरत होती, तिच्यात पानाच्या कडेला अंगठा दिसत होता की नाही? बहुतेक मराठी पीडीएफ या छापील पुस्तक फोनने स्कॅन करून झालेल्या असतात. तुमच्या ई-पुस्तकाच्या कुलपाला त्या चोराने हातही लावला नाही. तो खिडकीतून आला. कुलपाशी रोज झटापट करतो तो मी, ज्याने पैसे भरले.

खिळेजुळारी

अंगठा होता. नेलपॉलिश लावलेला.

पण म्हणून दार काढून टाकायचं? खिडकी आहे म्हणून?

पाना-पक्कड

मी विमान देखभालीतला परवानाधारक इंजिनिअर, वीस वर्षं सांताक्रूझच्या हँगरमध्ये काढली. उडाणटप्पूंच्या लेखात रोमान्स जास्त आणि हँगर कमी आहे.

पहिलं, "विमान हातात दिलं" हे अर्धसत्य. चालवायला दिलं, उघडायला नाही. त्या सेसनाचा साधा नट मनाने बदलून बघा. कुठला भाग, कुठून आला, त्याचा कागद कुठे, कुणी बसवला, कुणी सही केली, सगळं लॉगबुकात लागतं. विमानाइतकी कुलूपबंद वस्तू दुसरी नाही, फक्त ते कुलूप कागदाचं आहे म्हणून तुम्हाला दिसत नाही.

दुसरं, नकाशे. हवाई माहिती दर २८ दिवसांच्या चक्राने बदलते, जगभर एकाच तारखेला. फ्रिक्वेन्सी बदलते, नवा टॉवर उभा राहतो. ही फाइल कुणीही कॉपी करून कुणालाही द्यायला लागला, तर सहा महिन्यांपूर्वीची, मधे कुणी बोट घातलेली फाइल घेऊन लोक उडतील. वर्गणीचं कुलूप त्यालाही आळा घालतं.

आणि कागद-होकायंत्र-डोळे यांचं एवढं कौतुक नको. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८, तेही जुहूलाच. पुरेशी लांब नसलेली धावपट्टी, आत प्रवासी. डोळे त्यांनाही होते.

उडाणटप्पू

जुहूचा टोला मान्य, खाली वाकून. तरी त्या दोन्ही वैमानिकांना चुकीची पट्टी दिसली होती, नकाशा कुलपात अडकला नव्हता.

कागदाच्या कुलपाबद्दल मात्र थांबा. तुमची सही का लागते ते मला कुणीही सांगू शकतो. तो नट तुटला तर मी मरेन आणि खाली कुणाचं तरी घर जाईल. त्या नियमाला कारण आहे, ते लिहून ठेवलंय, आणि परवाना असलेला कुठलाही इंजिनिअर ते काम करू शकतो. उद्या सेसना कंपनी बुडाली तरी तुमची सही चालेल. माझ्या अ‍ॅपची कंपनी बुडाली तर कुणाची सही चालेल?

फाइलमध्ये कुणी बोट घातलं का, हे ओळखायला डिजिटल सही पुरते. फाइल अस्सल आहे, अमुक तारखेपर्यंत वैध आहे, एवढं ती सांगते. तारीख उलटली तर लाल अक्षरांत ओरडा, हरकत नाही. त्यासाठी "हा टॅब्लेट तिसरा आहे" हे मोजायची गरज नाही. अमेरिकेत संघीय सरकारने केलेल्या कामावर तिथे कॉपीराइटच नसतो, त्यामुळे तिथले सरकारी हवाई नकाशे कुणीही फुकट उतरवून घेतो, त्यावर अ‍ॅप बनवून विकतो. त्यापायी विमानं पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

कुलपाचा आणि सुरक्षिततेचा संबंध बघायचाच असेल, तर आमच्याच गल्लीतलं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये फ्लाइट सिम लॅब्ज नावाच्या कंपनीने संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरसाठी विकलेल्या एअरबस ए-३२० च्या इन्स्टॉलरमध्ये ब्राउझरमधले पासवर्ड काढून घेणारा प्रोग्रॅम सापडला. कंपनी म्हणाली, तो फक्त चोरीचा अनुक्रमांक टाकणाऱ्यांवर चालायचा. पण ती फाइल प्रामाणिक गिऱ्हाइकांच्या संगणकावरही उतरत होती! ओरड झाल्यावर काढली. चोर पकडायला निघालेला रखवालदार मालकाच्याच कपाटात शिरला.

पाना-पक्कड

डिजिटल सहीचा मुद्दा बरोबर. तो मागे घेतो. पण ती माहिती गोळा करणाऱ्या, तपासणाऱ्या माणसांचे पगार कोण देणार? आपल्याकडेही सरकारी एआयपी, म्हणजे हवाई माहितीचं अधिकृत पुस्तक, संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, तुम्ही वापरता का ते? नाही. तुम्हाला ते रंगीत, हलणारं, मांडीवर बसणारं हवं. त्याचे पैसे लागतात, आणि एकाने भरून दहा जणांनी वापरलं तर ते बंद पडतं. आमच्याच ओळखीच्या एका बॅचमध्ये अकरा विद्यार्थी आणि एक पासवर्ड होता.

कलम ५२

वकील आहे, फी न घेता बोलतो, त्यामुळे विश्वास बेताने ठेवा.

इथे दोन देशांचे कायदे एकत्र कालवले जातात. अमेरिकेचा १९९८ चा कायदा असा, की साधारणपणे कुलूप तोडणं हाच गुन्हा, आत जाऊन चोरी केली की नाही हा पुढचा प्रश्न. मग दर तीन वर्षांनी अपवादांची यादी निघते. स्वतःच्या मोटारीचं किंवा ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडायला २०१५ मध्ये असा अपवाद मिळवावा लागला. शेतकऱ्याने स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी!

आपलं तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला कलम ६५-अ घातलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. ज्या कामाला हा कायदा स्पष्ट मनाई करत नाही, त्यासाठी तोडणं त्यात येत नाही. कलम ५२ खासगी वापराला वाव देतं. म्हणजे उडाणटप्पूंनी आपली बावीस पुस्तकं स्वतःपुरती सोडवून ठेवली असती, तर गुन्हा म्हणून ते उभं करणं सरकारी वकिलाला सोपं गेलं नसतं. मात्र दुसऱ्याला तोडून देणाऱ्याने, ज्याला दिलं त्याचं नाव-पत्ता नोंदवून ठेवायचा आहे. लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात अशी वही कुणाकडे दिसली तर मला कळवा.

एक फट आहेच. "विकत घ्या" हे बटण दाबताना तुम्ही बहुतेकदा पुस्तक घेत नाही, वाचण्याचा परवाना घेता. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली काही पुस्तकं गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परत काढून घेतली, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण हात तिथपर्यंत पोचतो, हे सगळ्यांना त्या दिवशी दिसलं.

उशाशी पुस्तक

कायद्यातलं कळत नाही. आईची नजर गेली आहे. फोन तिला सगळं वाचून दाखवतो, बँकेचे मेसेज, पंचांग, शेजारणीचे सुविचार. मी विकत घेतलेली कथा तेवढी वाचत नाही, त्या अ‍ॅपमध्ये बोलणं बंद केलंय. मग मी रात्री मोठ्याने वाचते. काल तिने विचारलं, चोरून आणलेली वाचेल का गं हा फोन? मी म्हटलं, हो. ती गप्प झाली.

खिळेजुळारी

वरचा प्रतिसाद वाचून उठलो आणि आमच्या ई-पुस्तकांचं काम बघणाऱ्या मुलाला फोन केला. वाचून दाखवणं बंद का आहे? म्हणे, काका, तो पर्याय आधीपासूनच तसा होता, तुम्ही कधी विचारलं नाहीत. आमची सगळी पुस्तकं मुकी होती आणि मला पत्ता नव्हता. ते आज उघडतो आहे.

कुलपाचं मात्र अजून पटत नाही. तो मुलगा म्हणतो, कुलूप काढा आणि प्रत्येक प्रतीत गिऱ्हाइकाचं नाव छापा. पहिल्या पानावर, अधूनमधून तळाला, आणि दिसणार नाही असंही कुठे तरी. प्रत फिरली तर कुणाची ते कळेल. उडाणटप्पू, तुमच्या पुस्तकात पानोपानी तुमचं नाव आलेलं चालेल का? खरं सांगा, लोकांना हेही चोर ठरवल्यासारखंच वाटतं.

उडाणटप्पू

चालेल, आनंदाने. विमानाच्या अंगावर, पंखाखाली, व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची हातभर अक्षरं रंगवलेली असतात. मी कुणाच्या शेतावरून फार खाली गेलो तर शेतकऱ्याने ती वाचून तक्रार करावी म्हणूनच. त्यांचा मला कधी राग आला नाही. ती अक्षरं मला उडण्यापासून अडवत नाहीत.

एका अटीवर, फोन नंबर छापू नका. आधीच कर्जवाले रोज विचारतात, विमान घ्यायचंय का म्हणून.

पाना-पक्कड

आणि अकरा विद्यार्थ्यांच्या बॅचचं काय? ते सगळे मिळून एकच टोपणनाव घेतील.

चाळकरी

उडाणटप्पू, तुमच्या क्लबात ती अक्षरं रंगवलेली असूनही इंधनाचे पैसे आधी घेतात की नंतर?

उडाणटप्पू

आधी.

चाळकरी

हं.