मदत हवी आहे : बोर्टेझोमिब सुरू असताना ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल चालतात का?

नमस्कार मंडळी,

सासूबाईंना मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) आहे, त्यावरच्या बोर्टेझोमिब या औषधाची इंजेक्शनं सुरू आहेत. हितचिंतकांची कमी नाही. त्यांतल्या एकांनी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्या आणून दिल्यात, सोबत 'कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते, शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' असे फॉरवर्ड. सासूबाईंचा त्यावर पक्का विश्वास बसलाय.

सगळंच थोतांड म्हणून हात झटकावेत, तर तसंही नाही. सदाफुलीतून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन मिळाली. पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेणारे सूक्ष्म तंतू असतात, ते ही औषधं बांधलेच जाऊ देत नाहीत. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतलं पॅक्लिटॅक्सेल नेमकं उलटं करतं, बांधलेले तंतू सुटूच देत नाही. दोन्हीकडे पेशी मध्येच अडकते आणि मरते. पण मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी पॅक्लिटॅक्सेलची रचना १९७१ साली जाहीर केली आणि अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२ मध्ये. मधली एकवीस वर्षं फॉरवर्डमध्ये कधीच नसतात!

माझी गाडी अडते ती कर्क्युमिनपाशी. प्रयोगशाळेतल्या बशीत ते पेशींची वाढ थांबवतं, हे खरं दिसतं. पण काही ग्रॅम गिळूनही रक्तात ते जेमतेम सापडतं, आतडं आणि यकृत त्याचं लगेच रूपांतर करून टाकतात, असंही वाचलं. मग बशीतल्या निष्कर्षाला कितपत महत्त्व द्यायचं? असा शोधनिबंध वाचताना आधी काय बघायचं?

आणि तातडीचं म्हणजे, ग्रीन टीतलं ईजीसीजी नावाचं द्रव्य बोर्टेझोमिबला निकामी करतं असा २००९ चा एक अभ्यास आहे म्हणे. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर कॅप्सूल चालू ठेवायच्या का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, कॅप्सूल आजच थांबवा आणि भेटीची वाट न पाहता केमो युनिटला फोन करून कळवा. बोर्टेझोमिबच्या रेणूत बोरॉन असलेला एक गट असतो. औषध काम करतं ते त्या गटाच्या जोरावर, आणि ईजीसीजी थेट त्यालाच जाऊन चिकटतं. तुम्ही म्हणता तो अभ्यास पेशींवर आणि उंदरांवर झाला होता, माणसांवर नाही. पण इथे फायदा सिद्ध नाही आणि संभाव्य तोटा म्हणजे चालू उपचारच वाया जाणं. असा सौदा कोण करेल? शिवाय रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतल्यास रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात (यकृताला त्रास होत असल्याची खूण), असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलंय. डबीवरचा आकडा बघून ठेवा.

आता निबंध कसा वाचायचा ते. बशीत वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात गाठता येते का, हे मी सगळ्यात आधी बघते. बहुतेक निबंध तिथेच गळतात. दुसरं, त्याच मात्रेत निरोगी पेशींचं काय झालं? पुरेसं ओतलं तर फिनाइलनेही पेशी मरतात. कर्क्युमिनची आणखी एक गोची आहे. ते स्वतःच चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, आणि शरीराच्या सामूला (आम्ल-अल्क पातळीला) काही मिनिटांत विघटित होऊ लागतं. त्यामुळे चाचण्यांत खोटे होकार फार येतात. तेव्हा नुसती निबंधांची संख्या बघून हुरळू नका.

प्रतिसाद २

'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' असं कुणी म्हणालं की मी बीटा कॅरोटीनची (गाजरातलं नारिंगी द्रव्य) आठवण करून देतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, निष्कर्ष १९९४ मध्ये आले. त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी सुमारे १८ टक्के जास्त निघाला. पुढचं बोलणं आपोआप थांबतं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. फोन केला, तिथल्या नर्सनीही दोन्ही थांबवायला सांगितलं. सासूबाई मात्र रुसल्यात. "तुम्हाला माझं बरं झालेलं नकोय" इथपर्यंत गाडी गेली. त्यांना समजावायचं कसं?

प्रतिसाद १

तुम्ही समजावूच नका, सून म्हणून ते तुम्हालाच जड जाईल. दोन्ही डब्या घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यादेखत विचारा, "यातलं काय चालेल?" उत्तर डॉक्टरांच्या तोंडून येऊ दे. सदाफुलीचं उदाहरण त्यांना जरूर सांगा. झाडातून औषध मिळतं हा त्यांचा विश्वास चुकीचा नाहीये, तो मोडायची गरज नाही. आणि कॅप्सूल कधी सुरू केल्या, कधी थांबवल्या, त्या तारखा कागदावर लिहून न्या. रक्ताच्या अहवालात यकृताचे आकडे वाढलेले दिसले तर डॉक्टर तेच आधी विचारतील.