शब्दचर्चा: संगणक ‘लॉक’ असताना ‘आवाज वाजेल’?

प्रश्न: औषधाच्या वेळेची आठवण करून देणाऱ्या विंडोजवरच्या एका प्रोग्रामची माहिती मराठीत लिहितोय. ‘संगणक लॉक असतानाही आवाज वाजेल’ या वाक्यावर अडलोय. ‘टाळेबंद’ म्हणू की ‘कुलूपबंद’?

प्रतिसाद १: ‘टाळेबंद’ नको. टाळेबंदी म्हटलं की कारखाने आठवतात, आणि २०२० पासून कोरोनाचे दिवस. ‘कुलूपबंद’ अर्थाला जवळचा आहे. घराला कुलूप लावून गेलं तरी आत रेडिओ चालू राहतोच. विंडोज आणि एल ही बटणं एकदम दाबली की तसंच होतं: प्रोग्राम चालू राहतात, स्पीकरमधून आवाजही येतो. सूचनेची चौकट मात्र लॉक स्क्रीनच्या मागे राहते. तरीही बोलताना ‘पीसी कुलूपबंद केला’ असं कुणी म्हणत नाही. ‘लॉक’च ठेवा.

‘आवाज वाजेल’ कानाला खटकतं. घंटा वाजते, गजर वाजतो. आवाज येतो किंवा होतो.

मला जास्त काळजी ‘स्लीप’ची वाटते. लॉक असो वा स्लीप, स्क्रीन काळी झालेली दिसू शकते, परत आल्यावर बहुतेक वेळा पासवर्ड विचारला जातो, म्हणून लोक सरसकट ‘लॉक झाला’ म्हणतात. स्लीपमध्ये प्रोग्राम थांबतात, मेमरी टिकवण्यासाठी थोडीशीच वीज चालू असते. गजर होणार कसा? हायबरनेटमध्ये तर मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून संगणक बंदच होतो. त्याला ‘शीतनिद्रा’ छान बसेल. इथे प्रश्न कुणाच्या तरी गोळीचा आहे, तेव्हा हा फरक माहितीत स्पष्ट यायलाच हवा.

प्रतिसाद २: सहमत. स्लीपला सरळ ‘झोप’ म्हणा, म्हणजे स्लीप होऊ न देण्यासाठी ‘संगणक जागा ठेवणे’ हा शब्दप्रयोग आपोआप मिळतो. आपणहून झोपू नकोस, अशी विनंती प्रोग्रामला विंडोजकडे करता येते. व्हिडिओ प्लेअर तेच करतात. पण माणसानेच स्लीप निवडलं किंवा लॅपटॉपचं झाकण मिटलं, तर त्या विनंतीचा उपयोग नाही.

मी असं लिहीन: ‘संगणक लॉक केलात तरी गजर वाजेल. संगणक झोपला तर वाजणार नाही. औषधाची वेळ होईपर्यंत तो जागा ठेवा, लॅपटॉपचं झाकण मिटू नका आणि स्पीकरचा आवाज तपासून घ्या.’